उतारावर लागणारा दिवा

आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा होता. त्या दिव्यापायी मी आयुष्यातलं एक अख्खं वर्ष चिडण्यात घालवलं. नवऱ्यावर चिडले, जावेवर चिडले, हायवेवरच्या मेकॅनिकवर चिडले, आणि एका माणसावर अशी चिडले की त्याचा चेहरा आजही डोळ्यांसमोरून जात नाही. माझा राग नाकावर असतो असं माहेरी म्हणायचे. सासरी कोणी म्हणत नाही, कारण त्यांना तो रोजच दिसतो.

डहाणूच्या किनाऱ्यावर, आगरला, आमचा मासळीचा धंदा. नवरा आणि दीर बोटीवर, मी आणि मोठी जाऊ विक्रीला. आधी आम्ही पाट्या घेऊन एसटीने जायचो. पाट्या वर चढवताना कंडक्टरची बडबड, बसल्यावर शेजारच्या प्रवाशांची नाकं मुरडणं, हे सगळं मी ऐकून घ्यायचे नाही, उलट उत्तर द्यायचे, आणि मग जाऊ मला कोपराने ढोसायची. म्हणून २०१५ साली पावसाळा संपल्यावर घरच्यांनी एक जुनी पिकअप घेतली. मुंबईत वापरलेली, पेट्रोलवर चालणारी, छोटी. मागच्या हौद्यात बर्फ आणि मासळी, आणि आमच्याच आळीतल्या चार बायकाही त्याच गाडीने तलासरीच्या बाजाराला येऊ लागल्या.

गाडी चालवायला आम्ही डोंगराकडच्या रानशेत गावातला एक माणूस ठेवला. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. आधी ट्रॅक्टर चालवलेला, मग डहाणूतल्या एका चिकूवाडीचा टेम्पो. बोलणं मोजकं. सकाळी गाडीत बसला की खांद्यावरचा पंचा काढून आधी काच पुसायचा, मग स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करायचा, मगच किल्ली फिरवायचा. मी त्याला दादा म्हणायचे, तो मला बाय म्हणायचा. घरी त्याची थोडी भातशेती होती, पण ती चार महिन्यांची. उरलेलं वर्ष आमच्या गाडीवर होतं.

पहिलं वर्ष बरं गेलं. भांडण फक्त पाण्याचं होतं. बर्फ वितळला की पाणी हौद्याच्या मागच्या बाजूला यायचं, आणि आम्ही बायका बसायचो त्याच बाजूला, मागच्या फाळक्याला टेकून, केबिनकडे तोंड करून. बाजारात उभं राहायचं म्हणून लुगडं धुतलेलं, चापूनचोपून नेसलेलं, आणि तलासरीला उतरेपर्यंत मागून गुडघ्यापर्यंत ओलं. गिऱ्हाईक पुढून मासळी बघतं आणि मागून हसतं. मोठी जाऊ म्हणाली, असं भिजून बसायचं तर एसटी काय वाईट होती. झालं, माझं डोकं फिरलं. त्याच आठवड्यात मी गाडी सरावलीच्या वेल्डरकडे उभी केली. पाणी जायची मागची भोकं जुन्या चपलांचे रबर कापून ठोकून बंद केली. हौद्याच्या मधोमध एक आडवी फळी ठोकली, म्हणजे पाणी पुढेच अडेल. आणि पुढच्या बाजूला, केबिनच्या मागे, अंगठा जाईल एवढं एक भोक पाडून घेतलं. जागा मीच बोट ठेवून दाखवली. वेल्डरने विचारलं, इथेच का. मी म्हटलं, मी सांगते म्हणून.

त्या दिवसापासून आमची लुगडी कोरडी राहिली. आळीभर माझं कौतुक झालं, आणि मी ते करून घेतलं.

दोनेक महिन्यांनी दिवा लागला. आधी नुसताच लागला, मग गाडी चढावर खोकायला लागली, पेट्रोल जास्त खाऊ लागली, आणि बाजारात पोचायला उशीर होऊ लागला. उशीर म्हणजे वितळलेला बर्फ, आणि वितळलेला बर्फ म्हणजे पापलेटाच्या डोळ्यात बघून गिऱ्हाईक पुढे जाणार. तलासरीला हायवेच्या कडेला एक मेकॅनिक होता. त्याच्याकडे हातात मावेल असं मशीन होतं. त्याची वायर त्याने स्टिअरिंगखाली लावली, पडद्यावर आकडे आले, पी शून्य एक तीन एक, आणि तो म्हणाला, "बेन, ऑक्सिजन सेन्सर गयो." म्हणजे काय, हे मी विचारलं. सायलेन्सरच्या पाइपवर एक नाकासारखं काहीतरी असतं, त्याने सांगितलं, ते धुराचा वास घेतं आणि इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते सांगतं. ते मेलं की इंजिन आंधळं. त्याने खाली हात घालून ते काढलं, नवीन बसवलं, दिवा विझवला. मशीनने सांगितलं ते त्याने केलं. मला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं.

सात-आठ आठवड्यांनी दिवा परत. तोच आकडा. परत नवीन सेन्सर. मी म्हटलं, माल खोटा असेल, चांगल्या कंपनीचा टाक. त्याने चांगल्या कंपनीचा टाकला, डबा फोडून दाखवला. मग पावसाळ्यात बोटी बंद झाल्या, आम्ही सुके बोंबील आणि जवळा घेऊन वर ताडपत्री बांधून डोंगराकडच्या बाजारांना जायचो, आणि ते सगळे महिने दिव्याने तोंड दाखवलं नाही. मी खूश. म्हटलं, चांगल्या मालाचा हा गुण. नारळी पौर्णिमेनंतर बोटी गेल्या, ताजी मासळी सुरू झाली आणि दिवाळीच्या आत दिवा लागला.

दिवा असा तिसऱ्यांदा लागायच्या थोडं आधी दादाने मला एक गोष्ट सांगितली होती. आम्ही चारोटीला चहाला थांबलो होतो. तो म्हणाला की दिवा कधीही लागत नाही, रानशेतच्या पुढचा चढ संपून गाडी उताराला लागली की लागतो. येताना रिकाम्या गाडीला लागत नाही. त्याने उतारावरच्या एका ऐनाच्या झाडाला कोयत्याने खाच पाडून ठेवली होती, दिवा लागला तिथेच. दुसऱ्यांदाही दिवा त्याच झाडापाशी लागला, म्हणून त्याने पहिलीखाली वितभरावर दुसरी खाच पाडली. "बाय, एकदा तुमी पुढं बसा आन् बघा," तो म्हणाला.

मी बघितलं नाही. मी म्हटलं, मेकॅनिककडे मशीन आहे आणि तुझ्याकडे झाड आहे, तर मी कोणाचं ऐकू. बायका हसल्या. तोही थोडा हसला, चहाचा ग्लास ठेवला आणि गाडीकडे गेला. ही गोष्ट आठवली की मला अजूनही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

तिसऱ्या वेळी मेकॅनिक माझ्याशी बोलायला बाजूला आला. जुना सेन्सर त्याने चिंधीत धरला होता. काळा, पांढुरके पापुद्रे आलेला. म्हणाला, बेन, हे चार-पाच महिन्यांचं वाटतं का तुम्हाला? मी बसवला तो नवा होता. हा वर्षानुवर्षं चाललेला दिसतो. ड्रायव्हर लोक काय करतात, नवा काढून विकतात आणि भंगारातला बसवतात. मी नाव घेत नाही कोणाचं, असंही वर म्हणाला. नाव घ्यायची गरजच ठेवली नव्हती त्याने.

हा माणूस तीनदा गाडीखाली हात घालून आला होता. एकदाही त्याने मान वाकवून वर बघितलं नव्हतं. त्याच्या धंद्यात चूक सापडू नये म्हणून त्याने दुसऱ्याच्या पोटावर पाय दिला, आणि मी, जी कंडक्टरचं ऐकून घ्यायची नाही, मी त्याचं ऐकून घेतलं. का घेतलं, याचं उत्तर मला आवडत नाही, पण ते देते. दादा डोंगराकडचा होता. आमच्या आळीतला कोणी असता तर मी आधी त्याच्या आईला विचारलं असतं, जावेला विचारलं असतं, चार दिवस थांबले असते. त्याच्यासाठी चार मिनिटंही थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर बर्फ फोडणं चाललं होतं. बोटी आल्या होत्या, पंधरा-वीस बायका पाट्या लावत होत्या. दादा काच पुसत होता. मी तिथेच, सगळ्यांसमोर, विचारलं, "सेन्सर कुठे विकलास?"

मी दादा म्हटलं नाही. हे त्याच्या आधी माझ्याच लक्षात आलं, आणि तरी मी थांबले नाही.

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याने सांगितलं की त्याने तो पार्ट हातातसुद्धा धरलेला नाही, मेकॅनिकने काढताना लांबून पाहिला तेवढाच. मी म्हटलं, चोर असंच म्हणतो. बर्फ फोडणाऱ्यांचे हात थांबले. पंचाची घडी करून त्याने ती खांद्यावर टाकली, किल्ली बर्फाच्या पेटीच्या झाकणावर ठेवली आणि वाळू तुडवत रस्त्याकडे गेला. मागे वळून बघेल असं मला वाटलं होतं. वळला नाही, याचाही मला राग आला.

डहाणू गाव काही मुंबई नाही. सरावलीपासून पारनाक्यापर्यंत गाड्यांचे मालक एकमेकांना ओळखतात. पार्ट विकणारा ड्रायव्हर ही बातमी बर्फाच्या गाडीबरोबर पोचली. चिकूवाडीच्या जुन्या मालकाने त्याला परत घेतलं नाही. कोणाच्या तरी वाडीत तो रोजावर चिकू उतरवायला जातो, असं मी ऐकलं. ऐकून मी म्हटलं, बरं झालं.

मग गाडी कोण चालवणार? नवरा म्हणाला, एक हंगाम मी चालवतो, बोट दीर बघेल. सेन्सर नवा बसवलेला. किल्ली आता नवऱ्याच्या खिशात. मी निर्धास्त होते. आणि नवव्या आठवड्यात दिवा लागला.

नवऱ्याला चोर म्हणायची सोय नव्हती. त्या दिवशी मी इतकी चिडले की बाजारात दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे यायची ती जावेकडे गेली. संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, कुठे लागला दिवा. तो म्हणाला, रानशेतनंतर, उतारावर. सहज म्हणाला. मला चारोटीचा चहा आठवला.

पुढच्या बाजाराला मी पुढे बसले. बायका मागे कोरड्या लुगड्यांत आरामात. दिवा लागलेलाच होता, त्यामुळे तो बघायचा नव्हता, पण काय बघायचं तेही मला ठाऊक नव्हतं. चढ चढताना इंजिन तापलं, पायाखालचा पत्रा गरम लागायला लागला. चढ संपला, गाडीने नाक खाली केलं, आणि माझ्या पाठीमागे, केबिनच्या खाली कुठेतरी, तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज आला. एकदा नाही, सारखा. मी नवऱ्याला म्हटलं, थांबव. तो म्हणाला, उतारावर कशाला. मी म्हटलं, थांबव म्हणते ना.

खाली उतरून लुगडं खोचून मी रस्त्यावर आडवी झाले. वरच्या भोकातून बर्फाचं पाणी ओघळत होतं. मीच पाडून घेतलेल्या भोकातून. चढावर ते फळीशी मागे साचून राहायचं आणि उतार आला की सगळं एकदम पुढे यायचं. ते बरोबर खालच्या पाइपवर पडत होतं, चढाने लाल व्हायच्या बेतात आलेल्या पाइपवर, आणि पाइपवर जिथे पडत होतं तिथेच तो सेन्सर बसवलेला होता. मिठाचे पांढरे थर चढले होते. बर्फासारखं गार, खारट पाणी, त्या धुराचा वास घेणाऱ्या नाकावर, दर बाजाराला, दर उताराला. सेन्सरच्या आतली चिनी माती तडकणार नाही तर काय होईल? सुक्या बोंबलाला बर्फ लागत नाही, म्हणून पावसाळ्यात दिवा लागत नव्हता. रिकाम्या गाडीत पाणी नसतं, म्हणून येताना लागत नव्हता. एवढं सगळं समोर होतं. फक्त एकदा पुढे बसायचं होतं.

उठले तेव्हा समोर ऐनाचं झाड होतं. खोडावर तीन खाचा, एकीखाली एक, वितभर अंतराने. तिसरीबद्दल त्याने मला सांगितलंही नव्हतं. माझ्या उत्तरानंतर कशाला सांगेल? तरी त्याने ती पाडली होती.

नवरा काही बोलत होता, वेल्डिंग करून भोक बुजवू वगैरे. मला त्याचा आवाज सहन होईना. तलासरीला पोचल्यावर मी आधी मेकॅनिककडे गेले आणि त्याला गाडीखाली घातलं. अक्षरशः दंड धरून. तो बघून बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, बेन, मशीन सेन्सर दाखवतं, पाणी थोडंच दाखवतं. त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण बोलताना मला कळत होतं की त्यातला अर्धा माल माझ्यासाठी आहे.

रानशेतला जायला मला आठ दिवस लागले. वाट अर्ध्या तासाची. रोज काहीतरी कारण निघायचं आणि मी ते निघू द्यायचे. शेवटी जाऊच म्हणाली, तू जातेस की मी जाऊ?

भात झोडणी चालली होती. दादा खळ्यावर पेंढ्या आपटत होता, बायको सूप घेऊन पलीकडे. त्याने मला बघितलं आणि हातातली पेंढी आपटून पुरी केली. बायकोने पाणी आणून दिलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. भोक, पाणी, पाइप, उतार. चूक माझी होती, म्हटलं. झाडावरच्या खाचा बघितल्या, म्हटलं. गाडी तुमचीच आहे, उद्यापासून या, म्हटलं. आयुष्यात एवढं नरम मी कोणाशी बोलले नव्हते, आणि खरं सांगते, तेव्हासुद्धा मला आतून वाटत होतं की हा आता विरघळेल, चहा टाकायला सांगेल.

त्याने दुसरी पेंढी उचलली. मग म्हणाला, "तेव्हा कुठं बोललात, बाय? दर्यावर. सगल्या बायांसमोर. आता माज्या खल्यावर सांगताय. इथं कोन आयकनार? कोंबड्या?"

बायको पाखडत राहिली. मला राग आला, खरोखर आला, की मी एवढी घरापर्यंत आले आणि हा माणूस अजून मागतोय. तो राग घेऊनच मी रस्त्यापर्यंत गेले, आणि एसटीची वाट बघता बघता तो ओसरला, कारण तो कोणावर काढावा असं कोणी उरलंच नव्हतं. मी परत गेले. त्याला म्हटलं, परवा सकाळी या, बोटी यायच्या वेळेला.

तो आला. धुतलेला शर्ट, खांद्यावर पंचा. गाडीपासून लांब, रस्त्याच्या कडेला उभा राहिला. बर्फ फोडणं चाललं होतं, पाट्या लागत होत्या, बायकांचा नेहमीचा गलका. मी बर्फाच्या पेटीजवळ उभी राहिले, जिथे त्याने किल्ली ठेवली होती तिथे, आणि म्हटलं की या दादाने सेन्सर विकला नव्हता, तो मी पाडून घेतलेल्या भोकामुळे जात होता, मी यांना खोटं चोर म्हटलं.

काहीच झालं नाही. दोघी-तिघींनी मान वर केली. बर्फावरचा घण पडतच होता. कडेला बसलेली एक म्हातारी पाटीतल्या मांदेल्या निवडता निवडता म्हणाली, "काय बोललीस गं? मना नाय आयकू आला."

मी परत सांगितलं, मोठ्याने. घसा दुखला. तरी पलीकडच्या बोटीजवळच्या बायका माझ्याकडे न बघता भाव करत होत्या. मग मी तिकडे चालत गेले आणि तिसऱ्यांदा सांगितलं, एकेकीच्या तोंडाकडे बघून. चोर हा शब्द मी त्या सकाळी एकदाच म्हटला होता, तोही साध्या आवाजात, आणि तो रानशेतपर्यंत ऐकू गेला होता.

वळून बघितलं तेव्हा दादा अजून उभा होता. मी किल्ली पुढे केली. त्याने ती घेतली नाही. म्हणाला की चिकूवाडीच्या मालकालाही सांगा, आणि सरावलीच्या वेल्डरला, आणि त्या तलासरीवाल्याला. सगळ्यांना सांगून झालं की मग बघू. पंचा सारखा करून तो एसटीच्या दिशेने गेला, आणि मी जावेला म्हटलं, आज मासळी तू घेऊन जा, मला डहाणूत काम आहे.